वायर मुरायला वेळ लागतो

चतुराबाईंचं गल्लीत सगळ्यांशी पटे. घरातल्या दोन स्पीकरांशी तेवढं कधी पटलं नाही.

पोळ्याच्या आधीचा रविवार होता. अकोल्याच्या घरी, समोरच्या खोलीत, खुशालराव डोळे मिटून बासरीची रेकॉर्ड ऐकत बसले होते. त्यांची सगळी नोकरी बसस्टँडवरच्या भोंग्यातून तेल्हाऱ्याची, धारणीची गाडी लागल्याचं पुकारण्यात गेली होती. त्यांच्या तोंडून निघालेला शब्द प्रवाशांपर्यंत पोचता पोचता नुसता खोकला होऊन जाई. म्हणूनच की काय, रिटायर झाल्यावर त्यांनी स्वतःसाठी एकच चैन केली. अँप्लिफायर, रेकॉर्ड प्लेअर आणि कमरेइतके उंच दोन स्पीकर.

"अवो, जरा कमी करा ना थे," चतुराबाई म्हणाल्या. त्या भिंतीशी गोधड्यांच्या थप्पीला पाठ टेकून एक नवी गोधडी शिवत होत्या. "शेजारच्याईले वाटन, आपल्या घरी लगन हाय."

"बासरीनं लगन लागत असते का? ऐक जरा. थो वाजवनारा श्वास घेते, थो बी ऐकू येऊन राहिला."

"त्याचा श्वास ऐकता. मी तीन डाव म्हनलं, घरातलं मीठ सरलं, थे नाई ऐकलं."

"प्रणाली, सांग बरं तुह्या आईले."

"प्रणाली, तूच सांग तुह्या बाबाले."

प्रणाली अमरावतीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती. सुटीच्या दिवशी अकोल्याला येई. लग्न तिने केलं नव्हतं, आणि तो विषय दर दिवाळीला फराळाबरोबर निघे. पुस्तकातून मान वर न काढता ती म्हणाली, "तुम्ही दोघंही बरोबर आहात." हे तिचं ठरलेलं उत्तर होतं. मग तिने जाऊन मीठ आणलं, जेवली, आणि दुपारच्या गाडीने अमरावतीला परत गेली. निघताना आईने चटणीचा डबा दिला आणि मागचे दोन डबे परत आणले नाहीत म्हणून बोल लावला.

सोमवारी सकाळी चतुराबाईंचा फोन आला. "काई बरोबर नाई वाटून राहिलं व," त्या म्हणाल्या. प्रणालीने सांगितलं, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा, मी संध्याकाळपर्यंत येते. संध्याकाळपर्यंत थांबणं चतुराबाईंना जमलं नाही.

तेरवीला खुशालरावांची थोरली बहीण आशाबाई तेल्हाऱ्याहून आल्या आणि त्यांनी सगळा कारभार हातात घेतला. गेलेल्या माणसाचं अंथरूण-पांघरूण घरात ठेवायचं नाही, गरजवंताला देऊन टाकायचं, ही घराण्याची रीत. पण अडचण अशी निघाली, की चतुराबाईंचं अंथरूण कोणतं हेच कुणाला सांगता येईना.

"थे निळी," खुशालराव म्हणाले.

"कोनती निळी? हितं चार निळ्या हायेत."

पाहुणा आला की चतुराबाई स्वतःची गोधडी त्याला देत आणि आपण दुसरी घेत. दुसरी उसवली की तिसरी. दुपारी तर त्या सगळ्या थप्पीलाच टेकून झोपत. घरात अशी एक गोधडी नव्हती जिला त्यांचं अंग लागलं नव्हतं.

"मंग सगळ्याच देऊन टाका," आशाबाई म्हणाल्या. "गाद्या, वाकया, सतरंजी, सगळं. एखांदी राहिली का जीव अडकते मानसाचा त्याच्यात. माहा काही भुताखेतावर इस्वास नाई. पन रिस्क काहून घ्या?"

"पाहुण्यांना अंथरायला काय घालायचं, आत्या?" प्रणालीने विचारलं.

"दिवाळीनंतर मी कापूस घिऊन येतो ना घरचा. नवं करू सगळं."

हातगाडी दोनदा भरून गेली. समोरची खोली धुऊन काढल्यासारखी दिसू लागली.

प्रणाली अमरावतीला परत आली ती एक भीती बरोबर घेऊन. भीती साधीच होती. एका सोमवारी आई गेली, मग कुठल्याही सोमवारी बाबा जाऊ शकतात. मंगळवारीही जाऊ शकतात. ग्रंथालयात फोन वाजला की तिच्या हातातला शिक्का पुस्तकाऐवजी टेबलावर पडे. हे तिने कुणाला सांगितलं नाही. रोज संध्याकाळी ती बाबांना फक्त "जेवलात का" एवढंच विचारी, आणि ते "हो" म्हणत. ते खरं आहे की नाही हे फोनवरून कळायला मार्ग नव्हता.

आणि मग एका सकाळी खुशालरावांचा फोन आला. "प्रणाली, काई बरोबर नाई वाटून राहिलं."

पुढचं तिने ऐकलंच नाही. ज्या विद्यार्थ्याला पुस्तक द्यायचं होतं त्याला तिने स्वतःची पर्स दिली, पुस्तक घेऊन पळाली, जिन्यावरून परत आली, पर्स घेतली आणि स्टँड गाठला. अमरावती ते अकोला तिने वीस वेळा फोन लावला. खुशालराव उचलेनात. मूर्तिजापूर येईपर्यंत कुणाला कळवायचं ते तिने मनात ठरवलं. बोरगाव येईपर्यंत तिला रडू यायचंही थांबलं.

घराचं दार सताड उघडं होतं. आत टेबल होतं, टेबलावर स्टूल होतं, आणि स्टुलावर खुशालराव उभे होते. तोंडात वायर, हातात पक्कड.

"बाबा!"

"आली का? बरं झालं. थो टॉर्च धर जरा."

"काय होतंय तुम्हाला?"

"मले काय व्हते? आवाजाले झालं."

"कुणाच्या आवाजाला?"

"सिस्टिमच्या. बासरी पाय ना कशी येऊन राहिली, हिरीतून आल्यावानी. फोनवर सांगतच होतो तुले, तं तू बंद केला."

प्रणालीने टॉर्च धरला. खुशालरावांनी वायर जोडली, सुई रेकॉर्डवर ठेवली. "पायलं?" ते म्हणाले. बासरी खरंच पूर्वीसारखी वाटत नव्हती, जरा पोकळ, जरा लांबची. पण पूर्वी कशी वाटायची ते प्रणालीला तरी कुठे ठाऊक होतं? ती रेकॉर्ड तिने कधी नीट ऐकलीच नव्हती. तिने ऐकलं होतं ते त्या रेकॉर्डवरून चाललेलं भांडण.

"तपासून घेऊ कुणाकडून तरी," ती म्हणाली. या वाक्याने पुढचे दीड-दोन महिने खाल्ले.

जुन्या शहरात, मोर्णा नदी ओलांडली की एका बोळात गोपालचं दुकान होतं. त्याचा मुख्य धंदा वरातीच्या डीजेचा. पण 'क्लॅरिटी' हा शब्द तो असा उच्चारी, की ऐकणाऱ्याला आपले कान आजवर वाया गेले असं वाटावं. त्याने खुशालरावांची जुनी वायर दोन बोटांत उचलून उजेडात धरली.

"काकाजी, ह्या वायरीनं ऐकून राहिले तुमी? म्हंजे सायकलच्या व्हॉल्वट्यूबनं मोर्णेचं पानी आनून राहिले घरी."

"पन आजपर्यंत तं चांगलं येत होतं."

"आजपर्यंत," गोपाल खिन्नपणे म्हणाला. डॉक्टर लोक असं म्हणतात तेव्हा पेशंटचे नातेवाईक खुर्ची शोधतात. प्रणालीने ताबडतोब अंगठ्याएवढी जाड तांब्याची वायर घेतली.

घरी जोडली. फरक शून्य. प्रणालीने गोपालला फोन लावला.

"ताई, जोडली कवा?"

"आत्ताच."

"मंग कसा फरक पडन? मुरू तं द्या तिले."

"वायर मुरते?"

"कैरीचं लोनचं टाकल्या टाकल्या खाता का तुमी? तांब्याले सुराची सवय लागली पायजे. रोज वाजवा. वायर मुराले येळ लागते."

प्रणाली ग्रंथपाल होती. तिने रीतसर वाचन केलं. जगातली अर्धी शहाणी माणसं वायर मुरते असं सांगत होती आणि उरलेली अर्धी त्यांना हसत होती. ही दुसरी बाजू बाबांना सांगावी, असं तिने ठरवलं आणि शनिवारी अकोल्याला गेली. पाहते तो ओट्यावर वरण-भात शिजलेला. खुशालरावांची दाढी केलेली. सदरा इस्त्रीचा.

"कुठे निघालात?"

"कुटं नाई. सकाळ-संध्याकाळ तास-तासभर वाजवून राहिलो. मुरून राहिली. कालपेक्षा आज बरी हाय, असं वाटते."

प्रणालीने दुसरी बाजू गिळली. "हो बाबा," ती म्हणाली, "जरा बरी वाटतेय खरी."

तिथून तिच्या एका भीतीच्या दोन झाल्या. बाबा स्टुलावर चढले की ते पडतीलच, वायरला हात लावला की चिकटतीलच, ही पहिली. आणि वायरला हात लावणं त्यांनी थांबवलं तर काय, ही दुसरी. सुधारायला काहीतरी शिल्लक आहे तोवर माणूस सकाळी उठतो, दाढी करतो, भात लावतो. सगळं सुधारून संपलं, किंवा सुधारणारच नाही असं ठरलं, तर त्या घरात उरेल काय? म्हणून वायर मुरल्याचा काही पत्ता लागेना, तेव्हा तिनेच सुचवलं, "सुई बदलून पाहायची का?"

सुई बदलली. बासरी विहिरीतच. मग गोपालने सांगितलं, की जुन्या अँप्लिफायरला नवी सुई पेलत नाही, म्हातारा बैल अन् तरणा गडी. नवा अँप्लिफायर आला. तो इतका दांडगा होता, की पहिल्याच दिवशी शेजारच्या केशवरावांच्या फळीवरचा रवीचा दांडा खाली आला आणि केशवराव बघायला आले की भूकंप फक्त आपल्याकडेच आहे की सगळीकडे. बासरी मोठी झाली, पण विहिरीतून वर आली नाही.

"स्पीकर कशावर ठेवले?" गोपालने विचारलं.

"फरशीवर."

"अरे बाप्पा! दगड पायजे काकाजी, भारी दगड. आन समोर हे पलंग-फिलंग कायले? परदे कायले? आवाजाले रस्ता द्या. चौपदरी!"

खुशालरावांनी एका स्पीकरखाली चतुराबाईंचा पाटा ठेवला. दुसऱ्यासाठी तोलामोलाचा पाटा मिळवायला ते दोन दिवस शहरभर हिंडले, आणि उन्हातान्हात बाबा दगड शोधत फिरताहेत या विचाराने प्रणाली अमरावतीत दर तासाला पाणी प्यायली. मग पलंग आतल्या खोलीत गेला. पडदे उतरले. खुर्चीवरची उशीसुद्धा गेली, कारण तिच्याबद्दल विचारल्यावर गोपाल नुसताच हसला होता. आता समोरच्या खोलीत दोन पाटे, दोन स्पीकर, एक लाकडी खुर्ची आणि तीत ताठ बसलेले खुशालराव एवढंच राहिलं. साधं "चहा घ्या" म्हटलं तरी पुढारी बोलल्यासारखं वाटे. आणि बासरी आता विहिरीतून नव्हे, पालिकेच्या रिकाम्या टाकीतून येत होती.

"वाढलं," खुशालराव म्हणाले.

"काय?"

"बिघडनं."

तेव्हा प्रणालीला तो विचार आला, जो खरं तर आधी यायचा. कान! सिस्टिमला काही झालंच नसेल. भोंग्याखाली नोकरी केलेला माणूस. ती त्यांना अमरावतीला घेऊन आली आणि कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. काचेच्या खोलीत बसवून, कानाला यंत्र लावून तपासणी झाली. प्रणाली बाहेर बाकावर देवाची प्रार्थना करत होती, की बाबांना थोडं कमी ऐकू येऊ दे. अशी प्रार्थना त्या बाकावर आजवर कुणी केली नसेल.

"अहो, यांचे कान उत्तम आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमच्या माझ्यापेक्षा चांगले. शेजारच्या घरातली कुजबूज ऐकतील."

खुशालराव परतीच्या गाडीत खुश होते. प्रणाली मात्र बोटांवर मोजत होती. वायर नाही, सुई नाही, यंत्र नाही, कान नाही. मग आता काय उरलं? कानाच्या आत जे असतं ते. आईच्या मागे बाबांचं डोकं तर... तिने खिडकीबाहेर पाहिलं. बडनेऱ्याचा फाटा येऊन गेला तरी तो विचार काही उतरला नाही.

आशाबाईंचं निदान तयारच होतं. त्यांनी ते तेल्हाऱ्याहून फोनवर सांगितलं.

"वयनी हाय थे."

"आत्या, काहीतरी काय?"

"काही तरी नाई अन् काई नाई. जितेपनी तिनं त्या खोक्याईचा राग राग केला. आता फुरसत हाय तिले. बसली आसन तारीत जाऊन."

"तुमचा भुताखेतांवर विश्वास नाही ना?"

"नाई ना. पन वयनीवर हाय."

प्रणालीने हसून फोन ठेवला. त्यानंतर मात्र ती समोरच्या खोलीत आली की दोन्ही स्पीकरांना वळसा घालून जाऊ लागली.

दिवाळी झाली आणि आशाबाई बोलल्याप्रमाणे आल्या. मालवाहू ऑटोतून त्या उतरल्या, त्यांच्यामागून कापसाची गाठोडी उतरली. एक गाठोडं दारातून येईना तेव्हा त्याला लाथ घालून आणलं. समोरची खोली मोकळी होतीच. भिंतीशी, कोपऱ्यात, खुर्चीमागे, जिथे जागा तिथे कापूस.

"हे काय, खुशाल? घर हाय का मंगल कार्यालय?" त्यांनी आल्या आल्या विचारलं. "आन हा वयनीचा पाटा! पाट्यावर बासरी वाटून राहिला का तू?"

त्याच संध्याकाळी खुशालराव गोपालकडून अखेरचा इलाज घेऊन आले. चांदीची तार असलेला फ्यूज, बोटाच्या पेराएवढा. "हे शेवटचं, काकाजी," गोपाल म्हणाला होता. "याच्यानंतर माह्याजवळ काहीच नाई." ते 'शेवटचं' प्रणालीला मुळीच आवडलं नव्हतं.

फ्यूज बसला. रेकॉर्ड लागली. आशाबाई कापसाच्या गाठोड्यावर आडव्या झाल्या.

आणि बासरी आली. टाकीतून नाही, विहिरीतून नाही. समोर बसून कुणी वाजवावी तशी, लाकडाची, ओठांची. खुशालरावांनी एक हात वर केला आणि तो तसाच ठेवला. वाजवणाऱ्याने मध्येच श्वास घेतला. तो सगळ्यांना ऐकू आला.

"आला," खुशालराव म्हणाले. "वापस आला."

प्रणालीने ओट्याकडे तोंड करून बराच वेळ एकच कप धुतला. गोपालला फोन गेला. "म्या म्हनलं नव्हतं?" तो म्हणाला, पण त्याच्याही आवाजात आश्चर्य होतंच. आशाबाई तोवर बासरीच्या तालात घोरू लागल्या होत्या. त्या रात्री खुशालराव तीन भाकरी जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन घेऊन कापूस पिंजणारा आला. आशाबाईंनी गाठोडी गच्चीवर नेली. खुशालरावांनी आंघोळ केली, केस विंचरले, खुर्चीत बसले आणि सुई ठेवली.

रिकामी टाकी.

त्यांनी सुई उचलली. पुन्हा ठेवली. पुन्हा उचलली. मग हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिले. प्रणाली स्वयंपाकघराच्या दारात आली.

"राहू दे आता," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. "बंद करून टाक थे. काई नाई व्हत. जे गेलं थे गेलं."

इतके दिवस ज्या वाक्याला ती भीत होती ते हेच. ते इतक्या साध्या सुरात येईल असं तिला वाटलं नव्हतं. आणि मग, जिला या माणसाच्या हातात पक्कड दिसली की देव आठवे, तिनेच धावत जाऊन पेचकस आणला.

"नाही नाही, बाबा, असं कसं? फ्यूज सैल झाला असेल! उघडून बघा ना! काल आला होता की नाही? मग असेलच आत कुठेतरी!"

"आसन?"

"असणारच!"

खुशालराव उठले. तिने अँप्लिफायरचं बटण बंद केलं. प्लग काढायचा असतो हे तिने जितक्या ठिकाणी वाचलं होतं, तितकी पुस्तकं त्या घरात नव्हती. पण त्या क्षणी बाबा उठले आहेत, एवढंच तिला दिसत होतं. झाकण निघालं. खुशालरावांनी पेचकस आत घातला. नेमकं तेव्हाच गच्चीवर वारं सुटलं. पिंजणारा चहाला गेला होता, आणि पिंजलेला कापूस ढगाढगाने केशवरावांच्या अंगणाकडे निघाला. आशाबाईंनी हाताला लागेल तेवढा जुन्या लुगड्यांत कोंबून खाली आणला आणि समोरच्या खोलीत ओतायचा सपाटा लावला. "धरा व कोनीतरी! अर्धा कापूस पाहुनपनाले चालला!" त्यांची चौथी खेप दारातून आत येत होती.

फट्‌!

निळी ठिणगी दिसली, पंखा थांबला, आणि खुशालराव दोन पावलं मागे उडून कापसात गडप झाले. खोलीत पांढरं पांढरं झालं. वरून कापूस सावकाश खाली येत होता. ढिगाबाहेर दोन पावलं राहिली होती, एकात चप्पल, एकात नाही. ती हलत नव्हती.

"हाय का गेला?" आशाबाईंनी विचारलं.

प्रणाली गुडघ्यांवर पडून कापूस उपसत होती. कापूस असा की उपसावा तितका परत येई. शेवटी हात लागला, मग सदरा, मग चेहरा. डोळे मिटलेले. मिशीवर कापूस, भुवयांवर कापूस.

"बाबा! बाबा!"

खुशालरावांचं एक बोट वर आलं.

"चूप," ते म्हणाले. मग जरा थांबून, "आता बोल पुन्यांदा."

"काय?"

"काईबी. तुहा आवाज पाय कसा येऊन राहिला." त्यांनी पडल्या पडल्या टाळी वाजवली. टाळी वाजली आणि जिथल्या तिथे संपली. ही खोली रिकामी असताना टाळी वाजवली की चारी भिंती तिला उत्तर देत. खुशालराव कोपरावर उठून बसले. वरच्या पंख्याकडे, उघड्या खिडक्यांकडे, मग भिंतीशी साचलेल्या कापसाकडे त्यांची नजर गेली, आणि तिथेच थांबली.

"मशीन नाई बिघडली, बाई," ते बहिणीला म्हणाले. "खोली बिघडली. काल कापूस होता तं आवाज होता. आज नेला तं गेला. हितं थप्पी होती तिची. पार छतापोत."

आशाबाईंना समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा त्या मटकन खाली बसल्या. "म्हंजे म्या गोधड्या देल्या, आन तू त्याच्यासाठी एवढ्या मशिनी आनल्या?"

"आन पलंग बी काढला. परदे काढले. उशी काढली."

"माय व माय! त्या गोपाल्याले घेऊन ये हितं. त्याले म्हना, आवाजाले रस्ता नाई, अंथरून पायजे!"

"आयुष्यभर मले म्हने, कमी करा, कमी करा," खुशालराव म्हणाले. "आन आवाज तं तिच्यानंच लागत होता." मग ते हसले. कापूस त्यांच्या मिशीवरून उडाला. ते पाहून आशाबाई हसल्या, पदर तोंडात कोंबून, मग पदर काढून. दोन म्हातारी भावंडं कापसात बसून हसत होती, दारात गर्दी जमली होती, आणि केशवराव बाहेरून विचारत होते की या वेळी काय पडलं.

प्रणाली हसली नाही. ती तशीच गुडघ्यांवर होती. तिचे दोन्ही हात बाबांच्या सदऱ्यात गुंतले होते आणि सुटत नव्हते.

"काहून व, सदरा काहून सोडत नाई?" खुशालराव म्हणाले. "मले काई नाई झालं. मुंग्या आल्या हाताले, बस. आता असं करू, नव्या गाद्या झाल्या का हितंच रचू. जळला थो अँप्लिफायर, तं जुनाच लावू. नाईतं एखांदा मधला पाहू गोपालजवळ. काय म्हनते?"

आजवर प्रत्येक वेळी तिने जे उत्तर दिलं होतं, तेच द्यायला तिने तोंड उघडलं. 'हो बाबा, पाहू.' एवढं साधं. पण ते बाहेर आलं नाही. जे आलं ते ग्रंथालयातल्या मराठीतही आलं नाही.

"मले भेव लागते, बाबा," ती म्हणाली. दारात माणसं होती, पण तिला त्यांची शुद्ध नव्हती. "तुमी मराचं भेव लागते मले. फोन वाजला का लागते. नाई वाजला का जास्तच लागते. वायरीचं मले काई समजत नाई, सुईचं समजत नाई, बासरी चांगली का वाईट थे बी समजत नाई. तुमी काहीतरी आनत राहिले म्हंजे राहान, म्हून मी हो हो करत होती. आवाज कसाबी येऊ द्या, नाई आला तरी चालते. तुमी राहा."